दर गठ्ठ्यात एक चूक

"सर, हे एवढे जाडे प्रबंध शेवटच्या पानापर्यंत कुणी वाचतं तरी का हो?"

प्रश्न तिचा नव्हताच. चश्मिस आणि बडबडी या तिच्या दोन मैत्रिणींनी बसमध्ये पैज लावली होती, की भर सभागृहात उभं राहून हे विचारायचं, नाहीतर आठवडाभर दोघींची दप्तरं वाहायची. दप्तरांचं काही नव्हतं. पण बडबडी म्हणाली, "राहू दे गं, तुझी टाप नाही," आणि असलं काही ऐकून गप्प बसायचे तिचे दिवस आता मागे पडले होते. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला "हजर" म्हणतानासुद्धा जिचा आवाज बाकाखाली घरंगळत जायचा, तीच मुलगी हल्ली हात वर करायच्या आधीच उभी राहत असे.

सभागृह विद्यापीठाच्या वाणिज्य आणि कायदा विद्याशाखेचं होतं. शाळेनंतर पुढे कुठली दारं उघडी असतात ते दाखवायला वर्गाला तिथे आणलं होतं, आणि पहिलं काचेचं दार ढकलायचं की ओढायचं यातच साठ पोरांची पाच मिनिटं गेली होती. व्यासपीठावर टेबलामागे दोघंच बसले होते. एक प्राध्यापक, आणि दुसरी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं पीएचडी करणारी बाई. ही बाई म्हणजे तिची आई.

आईने समोरची पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली.

प्राध्यापकांना विद्याशाखेत सगळे 'पुढेकाय सर' म्हणत. तोंडावर नाही, अर्थात. कुणी कितीही घाम गाळून पान लिहून आणलं, तरी ते समासात लाल शाईने दोनच शब्द लिहीत: पुढे काय? आईच्या एका प्रकरणात हे दोन शब्द एकेचाळीस वेळा आले होते. बाबाने मोजले होते.

"छान प्रश्न," सर म्हणाले. ते खरोखरच खूश झालेले दिसले. "खरं सांगू? बहुतेक लोक पहिलं पान वाचतात, आपले आभार मानलेत का ते बघायला. आणि शेवटचं वाचतात, निष्कर्ष उचलायला. मधलं सगळं वाळवीसाठी." पोरं हसली. "पण बाहेरचे दोन परीक्षक असतात. त्यांना वाचावंच लागतं. त्यातला एखादा खवट निघतो. तो सरळ शेवटी जातो, परिशिष्टातले तक्ते उघडतो. बरोबर उत्तरांकडे ढुंकूनही बघत नाही. तो चुका वाचतो. कोण कुठे चुकलं, किती वेळा चुकलं. माणूस खरं काम करतोय की नाही ते त्याच्या चुका बघून कळतं, असं त्याचं म्हणणं."

ती खाली बसली. चश्मिसने तिच्या पाठीवर थाप मारली. कान का तापलेत, हे तिला कळत होतं, आणि पैजेशी त्याचा काही संबंध नव्हता.

"आणि गंमत बघा," सर पुढे म्हणाले, "ही जी प्रश्न विचारून बसली ना, ती मॅडमच्या संशोधनातली दुसरी वाचक आहे."

साठ माना वळल्या.

मग सरांनी ते संशोधन पोरांना समजेल असं सांगितलं. "फोनच्या खोक्यात बारीक अक्षरांचा एक कागद असतो. त्याचं काय करता?"

"फेकतो!" साठ तोंडं एका सुरात.

"मॅडम ते गोळा करतात." पुन्हा हशा. "वॉरंटीची कार्डं, पावतीच्या मागच्या अटी, व्यायामशाळेचे अर्ज. असे तीनशे. प्रत्येकात एखादी खोच असू शकते, म्हणजे तुमच्या विरुद्ध जाणारी अट. प्रश्न असा, की साध्या माणसाने तो कागद खरोखर वाचला, तर त्याला ती खोच दिसते का? म्हणून प्रत्येक कागद दोनदा वाचला. एकदा वकिली डोळ्याने मॅडमनी, आणि एकदा साध्या डोळ्याने हिने. खोच आहे की नाही, एवढंच लिहायचं. पहिले तीस सरावाचे सोडले, तर दोनशे सत्तरांपैकी दोनशे एकसष्ट कागदांवर दोघींचं एकमत! म्हणजे लोकांना कळतं, फक्त ते वाचत नाहीत. या एका वाक्यावर मॅडमचं चौथं प्रकरण उभं आहे, आणि चौथ्या प्रकरणावर सगळा प्रबंध." त्यांनी खिशातून एक पावती काढली. "ये पुढे. ही माझ्या लाँड्रीची पावती, आज सकाळचीच. वाचून दाखव बघू यांना."

ती पुढे गेली. पावती हातात घेतली. सगळ्यात आधी तिने खालचा उजवा कोपरा पाहिला. मग कागद खिडकीच्या उजेडात जरा तिरपा धरला. कोपरा कोरा होता.

मागे छापलं होतं: 'उपरोक्त मुदतीनंतर सदर वस्तूंबाबत केंद्राचे दायित्व उरेल असे मानण्यात येणार नाही, सबब त्यापुढील विनियोग ग्राहकास मान्य असल्याचे गृहीत धरण्यात येईल.'

तिने ते दोनदा वाचलं. उपरोक्त मुदत, दायित्व, विनियोग. सगळं कसं गुळगुळीत, सभ्य वाटलं.

"काही नाही सर," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "साधीच आहे. खोच नाही."

"पंधरा दिवसांत गेलो नाही, तर माझा कोट ते विकू शकतात," सर म्हणाले. "मला ते आधीच मान्य आहे म्हणे."

बडबडीने टाळी वाजवली. वर्ग हसत सुटला. सरही हसले. "असू दे, असू दे. नऊ चुकली होतीस, ही दहावी."

आई हसली नव्हती. ती पावतीकडेही बघत नव्हती. लेकीने कागद उजेडात का धरला, याचा विचार करत असल्यासारखी तिच्या हाताकडे बघत होती.

*

घरात ती एकुलती एक, तरी तिला सगळे धाकटी म्हणत. थोरली म्हणजे आईचा प्रबंध. बाबाने हे नाव ठेवलं होतं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि दिवसभर बंद पडलेल्या डब्यांत डोकं घालून आला, की दारातच विचारायचा, "थोरली काय म्हणते? जेवली का?" थोरली कधीच जेवायची नाही, उलट सगळ्यांचं खायची. सुट्ट्या, आईचे रविवार, जेवणाचं अर्धं टेबल, आणि धाकटीच्या पलंगाखालची सगळी जागा, जिथे कागदांची खोकी ठेवली होती. गेली सहा वर्षं भाजी बाबाच करत होता. पहिली दोन वर्षं ती खाणं हीच एक शिक्षा होती.

दुसरा वाचक मिळवताना आईच्या नाकी नऊ आले होते. ठरले होते पाच जण. चौघे पंधरा-वीस कागदांत पळाले. एकाने तर फोन नंबर बदलला. पाचवा आलाच नाही. शेवटी आईने जेवताना लेकीकडे पाहिलं, आणि लेक म्हणाली, "वाचीन की मी." सरांनी भुवया उंचावल्या, पण पूर्ण वाचणारा एक तरी मिळतोय म्हणून कबूल झाले. वाचक सज्ञान नसल्यामुळे पालकाची परवानगी लागत होती. तीन पानी अर्ज होता. बाबाने तो न वाचता सही केली.

काम असं चाले. आई मूळ कागद वाची. तीस झाले की गठ्ठा झेरॉक्सला जाई, आणि झेरॉक्सचा गठ्ठा धाकटीकडे येई. पहिला गठ्ठा धाकटीने मान मोडून वाचला. तीसपैकी तेरा चुकले. आई म्हणाली, "काही हरकत नाही, हा सराव," पण ते म्हणताना तिच्या चेहऱ्यावर इस्त्री फिरवल्यासारखं झालं होतं, एकही सुरकुती नाही. धाकटीला तो चेहरा आवडला नाही.

दुसऱ्या गठ्ठ्यापासून आईने स्वतःच्या सोयीसाठी एक सवय लावून घेतली. ज्या कागदात खोच सापडेल, त्याचा खालचा उजवा कोपरा बोटभर दुमडायचा. तीस झाले की दुमडलेले मोजायचे, वहीत नोंदायचे, आणि कोपरे पुन्हा सरळ करून गठ्ठा झेरॉक्सला द्यायचा. पण दुमडलेला कागद सरळ केला, तरी घडी राहतेच. झेरॉक्सच्या काचेवर ती फिक्या, तिरप्या रेघेसारखी उमटत होती. नीट बघितलं तरच दिसेल अशी. धाकटीने चौथ्या कागदावर ती पाहिली, सातव्यावर पाहिली, आणि दहाव्यापर्यंत तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

सुरुवातीला ती वाचायची, आणि मग रेघ आहे का बघायची. मग आधी रेघ बघायची, मग वाचायची. चौथ्या गठ्ठ्यापासून वाचणं सुटलं. तीन तासांचं काम वीस मिनिटांत व्हायला लागलं. आणि अगदीच सगळं जुळलं तर कुणाच्या तरी डोळ्यावर येईल, म्हणून तिने प्रत्येक गठ्ठ्यात एक उत्तर मुद्दाम चुकवलं. हे तिला फार हुशारीचं वाटलं होतं.

दुसरा गठ्ठा तपासून झाल्यावर आईने मावशीला फोन केला. "अगं, हिला वकिलाचा डोळा आहे! पंधरा वर्षांची पोर, आणि तीसपैकी एकोणतीस!" धाकटी दाराआड उभी होती. दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी काहीतरी विचारलं, तेव्हा तिचा हात आपोआप वर गेला. त्या महिन्यात ती वादविवाद स्पर्धेत उतरली आणि जिंकली. बक्षीस देताना बाई म्हणाल्या, "हा आवाज इतकी वर्षं कुठे होता?" कुठे होता, ते तिलाही ठाऊक नव्हतं. कशावर उभा आहे, ते मात्र ठाऊक होतं.

*

सभागृहातून पोरं कँटीनकडे पळाली. आई म्हणाली, "माझ्या खोलीतून जरा माझी पिशवी आण गं," आणि सरांशी बोलत थांबली.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. चार टेबलं, चार दिवे, एक किटली, आणि भिंतीवर सगळ्यांच्या अंतिम तारखांची एक कागदी यादी. आईच्या नावासमोर तीन तारखा खोडलेल्या होत्या. चौथी या महिन्याची तीस होती, आणि तिच्याभोवती चौकट होती. तीन मुदतवाढी झाल्या होत्या, चौथी नियमात नव्हती. तीसला प्रबंध गेला नाही, तर नोंदणी रद्द होणार होती आणि सहा वर्षं पाण्यात. गेला, तर पुढच्या सत्रापासून याच मजल्यावर शिकवायची नोकरी होती. हे घरात रोज इतकं बोललं जाई, की धाकटीला ते पाढ्यासारखं पाठ होतं.

कोपऱ्यातल्या टेबलाशी 'आजोबा' बसले होते. वय एकोणचाळीस, पण पीएचडीचं नववं वर्ष, म्हणून आजोबा. टेबलाखाली त्यांच्या सपाता कायमच्या असत. ते आईचे तक्ते टायपिंगच्या चुकांसाठी तपासून देत होते.

"ये गं धाकटे. तुझंच वाचतोय."

"माझं काय?"

"चुका. फार आवडल्या मला." त्यांनी पेन्सिल ओळीवरून खाली नेली. "दुसरा गठ्ठा, एक. तिसरा, एक. चौथा, एक. पाचवा, एक. थेट दहाव्यापर्यंत. घड्याळच म्हणायचं."

"म्हणजे... चांगलंय ना?"

"माझा विषय माहितीये ना तुला? कंपन्यांच्या सभांची इतिवृत्तं. सभेत कोण काय बोललं, कोणी विरोध केला, ते लिहून ठेवतात ती. नऊ वर्षं तीच वाचतोय, बायको म्हणते आता झोपेत ठराव मांडतोस. तर माझा एक अनुभव आहे. ज्या कंपनीत दर सभेला बरोब्बर एकच माणूस विरोध करतो, तिथे बहुतेक सभा झालेलीच नसते. कुणीतरी घरी बसून लिहिलेलं असतं." त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली. "माणसं कशी चुकतात माहितीये? आज पाच, उद्या काहीच नाही, परवा दोन."

धाकटीने आईची पिशवी उचलली. ती जड होती. तिने ती एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"आईला सांगितलंत?"

"मी? मी टायपिंग बघतोय. दुसऱ्याच्या प्रबंधात बोट घालायचं नाही, असा या खोलीचा नियम आहे. नाहीतर चौघांपैकी एकही जिवंत राहणार नाही." त्यांनी किटलीकडे हात केला. "चहा घेतेस?"

"नको. वर्ग वाट बघतोय."

"बरं." मग ती दारात पोचल्यावर ते म्हणाले, "परीक्षक टायपिंग बघणार नाहीत हं."

*

शनिवारी दुपारी आई विद्यापीठात होती. बाबा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर लिफ्टच्या बटणांची एक पट्टी खोलून बसला होता. धाकटीने पलंगाखालचं खोकं ओढलं, कधीच न वाचलेला सहावा गठ्ठा काढला, आणि कात्री घेतली.

प्रत्येक कागदाच्या मागे तिने आकडा घातला, एक ते तीस, आणि तोच आकडा खालच्या उजव्या कोपऱ्याच्या मागे. मग कोपरे कापले. तीस छोटे त्रिकोण तिने एका बशीत टाकले, वर उलटी वाटी ठेवली. कागद पत्त्यांसारखे पिसले. आणि मग वाचायला बसली.

"काय चाललंय?" बाबाने न बघता विचारलं.

"अभ्यास."

"सुट्टीच्या दिवशी? ताप बघू का?"

वाचायला पावणेचार तास लागले. मधे एकदा तिला रडू आलं, एकदा झोप आली, आणि पाण्याच्या फिल्टरच्या वॉरंटी कार्डावर तर ती इतकी चिडली, की पेन्सिलचं टोक मोडलं. त्यात लिहिलं होतं की फिल्टरची हमी पाच वर्षं आहे, 'पाण्याच्या संपर्कात येणारे भाग वगळता'. फिल्टरचा कुठला भाग पाण्याच्या संपर्कात येत नाही? हे तिला दिसलं. पण बाकीच्या कित्येक कागदांवरून तिची नजर साबणाच्या फरशीवरून घसरावी तशी घसरत गेली, आणि आपण घसरलो हेसुद्धा कळलं नाही.

वाटी उचलली. एकेक कोपरा उजेडात धरून रेघ बघितली, आकडे जुळवले.

अकरा चुकले होते.

वकिलाचा डोळा वगैरे काही नव्हतं, हे एक झालं. ते तिला आतून माहीत होतंच. पण दुसरी गोष्ट तिला नवी होती. सराव, हात बसणं, तेही काही झालेलं नव्हतं. पहिल्या गठ्ठ्यात तेरा, आज अकरा. म्हणजे तीन महिने कागद हाताळून, वकिलाच्या घरात राहून, पावणेचार तास मान मोडून वाचलं, तरी ती इतकी फसत होती. मग आईच्या चौथ्या प्रकरणातलं ते वाक्य, लोकांना कळतं, फक्त ते वाचत नाहीत, ते साफ उलटं होतं. लोकांना कळत नव्हतं. निदान तिला तरी नाही.

तिने फोन काढून आजोबांना एक निरोप पाठवला. उत्तर लगेच आलं. मग ती उठली आणि बाबासाठी चहा ठेवला. बशी मात्र टेबलावरच राहिली.

*

रविवारी सकाळी आईने कप ठेवायला बशी ओढली आणि थांबली.

"हे काय आहे?"

बाबा बटाटे सोलत होता. धाकटी ओट्याला टेकून उभी होती. तिने रात्रभर मनात एक चांगलं भाषण तयार केलं होतं, वादविवाद स्पर्धेसारखं, मुद्देसूद. त्यातला आता एक शब्दही आठवेना.

आईने एक त्रिकोण उचलला. उलटा केला, आकडा बघितला. मग खिडकीकडे वळून उजेडात तिरपा धरला, अगदी परवा लेकीने धरला होता तसा.

"मी दुमडते," ती हळू आवाजात म्हणाली.

"हो."

"आणि झेरॉक्सवर..."

"हो."

"मला कुणी सांगेल का?" बाबा म्हणाला.

धाकटीने सांगितलं. रेघ कधी दिसली, कधीपासून वाचणं बंद केलं, दर गठ्ठ्यात एक मुद्दाम कसं चुकवलं, आजोबांना ते कसं कळलं, आणि काल काय केलं. सगळं सांगायला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बाबाच्या हातातला बटाटा अर्धा सोललेला तसाच राहिला.

"तीन महिने!" आईचा आवाज चढला. "तीन महिने तू माझ्या समोर बसून... एकदा सांगायला काय झालं होतं तुला? एकदा! आई, मला कंटाळा आलाय, मी नाही वाचत. मी काय खाल्लं असतं तुला?"

"तू मावशीला फोन केलास ना."

"कुठला फोन?"

"वकिलाचा डोळा."

आई खुर्चीत बसली. नळाखालच्या पातेल्यात थेंब पडत होते. बाबाने उठून नळ घट्ट केला.

"पहिल्या गठ्ठ्यात तेरा," आई म्हणाली. आता तिचा आवाज वर्गात बोलतात तसा कोरडा झाला होता. "दुसऱ्यात एक. मी ते बघितलं होतं. सरांनीही बघितलं होतं. त्यांनी विचारलं, एकदम कसा हात बसला हो? मी म्हटलं, माझी मुलगी आहे ती." ती जरा हसल्यासारखं हसली. "तुला विचारायला हवं होतं. दहा वेळा तोंडावर आलं. विचारलं असतं, तर तू सांगितलं असतंस. म्हणून नाही विचारलं."

"हे बरंय," बाबा म्हणाला. "एकीने सांगितलं नाही, एकीने विचारलं नाही, आणि मी सही करून मोकळा."

"सोळा दिवस आहेत," आई म्हणाली. ती कुणाशीच बोलत नव्हती. "मुदतवाढ नाही. चौथं प्रकरण काढलं, तर पाचवंही जातं, पाचवं त्याच्यावरच आहे. आणि ठेवलं, तर... सगळ्यांच्याच वाट्याला खवट परीक्षक येतो असं थोडंच आहे? अर्धे लोक तक्ते बघतच नाहीत. आजोबा बोलणार नाहीत. नंतर, पुस्तक करताना, दुरुस्त करता येईल."

धाकटीने आईला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तिने बाबाकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" बाबा म्हणाला. "मला तुमच्यातलं काय कळतंय? माझं आपलं एवढंच, की केबलचा एखादा धागा तुटला म्हणून लिफ्ट लगेच पडत नाही. महिनोन् महिने चालते."

"मग?" आई म्हणाली.

"मग काही नाही. मी 'बंद' अशी पाटी लावतो. लोक शिव्या देतात, जिने चढतात."

"तुझ्या लिफ्टला तारीख नसते."

"असते की. आठव्या मजल्यावरच्या म्हातारीला दवाखान्यात न्यायचं असतं, तिची तारीख असते."

आईने बशीतले त्रिकोण हळूहळू दोन बाजूंना लावायला सुरुवात केली, रेघ असलेले इकडे, नसलेले तिकडे. ती हे नकळत करत होती. मग तिने विचारलं, "काल किती चुकले म्हणालीस?"

"अकरा."

"पहिल्या वेळी तेरा." तिचं बोट टेबलावर थांबलं. "म्हणजे जवळजवळ तेवढेच."

"हो."

"इतक्या महिन्यांनीसुद्धा."

"हो आई. मला नाही कळत ते. पाण्याच्या फिल्टरचं कळलं, पण बाकीचं नाही कळलं. मी खरंच वाचलं. शपथ."

आईने तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग होता, दमणूक होती, आणि आणखी काहीतरी होतं, जे धाकटीने यापूर्वी फक्त आई नवं पुस्तक उघडताना पाहिलं होतं. ते आलं आणि लगेच गेलं. आईच्या नजरेसमोर पुन्हा तीस तारीख आली असावी.

"मला थोडे दिवस विचार करू दे," आई म्हणाली. "आत्ता कुणाला काही बोलू नकोस. आपण बघू."

'आपण बघू' म्हणजे काय, ते या घरात सगळ्यांना माहीत होतं. गळकं छत 'आपण बघू' म्हणून चार वर्षं गळत होतं.

शाळेत ही गोष्ट कळणार, बाईंना कळणार, बक्षिसाच्या कपाकडे बघून कुणीतरी फिदीफिदी हसणार, हे सगळं धाकटीच्या डोळ्यांसमोरून गेलं. ती ओट्यापासून सरळ झाली. आवाज फुटेल असं तिला वाटलं होतं, पण फुटला नाही. नेहमीच्या मानाने तो जरा बारीकच आला.

"उद्या पहिले दोन तास बुडवून मी सरांकडे जाणार आहे. दहा वाजता ते खोलीत असतात, मी कालच आजोबांना विचारून ठेवलंय. काय केलं ते मी सांगणार, कसं केलं तेही, आणि हे अकरा पण. तू आलीस तर बरं होईल, आई. नाही आलीस, तरी मी जाणार आहे. आणि तुझे कागद मी परत वाचणार नाही. दुसरं कुणीतरी शोध, तुझं कुणी न लागणारं."